बर्फाने रस्ता बंद झालेली सकाळ आणि घरातलं आजारपण

ओसरी

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की सकाळ आपली राहत नाही. औषधांच्या वेळा, नेब्युलायझर, अंग पुसायला येणाऱ्या बाई, फोन, दारावरची बेल. माझ्या आईला फुप्फुसांचा जुना आजार (सीओपीडी) आहे. ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र चालू असतं आणि आमचं घर घड्याळाच्या काट्यावर चालतं. आज मात्र रात्रभर पडलेल्या बर्फाने सगळंच थांबवलंय. रस्ता बंद आहे, बाईंचा ‘आज येणं जमणार नाही’ असा निरोप आलाय, बाहेर एकही गाडी नाही. आईचं सगळं आवरून झालं, ती पुन्हा झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

घरच्या माणसाच्या सेवेबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा दमणुकीबद्दल. ती आहेच, नाकारत नाही. पण आज कुणीच येणार नाही हे कळल्यावर आधी पोटात गोळा आला आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की आज घाई करायचंही काही कारण नाही. एरवी अंग पुसणं, कपडे बदलणं भराभर उरकावं लागतं, कारण बाईंना पुढच्या घरी जायचं असतं. आज मी एक हात पुसला, आईला दम लागला, थांबले. तिने शिट्टी वाजवताना करतात तसे ओठ करून सावकाश श्वास सोडला, दोनदा, तीनदा. दम खाली बसला. मग दुसरा हात. मधल्या वेळात ती वर बघत होती. म्हणाली, “आज उजेड खालून येतोय गं.”

खरंच तसं होतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. तो खिडकीतून वर जाऊन छत उजळवत होता, जमिनीजवळचे कोपरे मात्र अंधारेच होते. मी त्या खोलीत दिवसभर वावरते, पण छताकडे माझी नजर कधी जात नाही. आईला दिवसाचे कितीतरी तास तेवढंच दिसतं.

आणि शांतता. ताज्या बर्फाच्या थरात बहुतेक जागा हवेनेच भरलेली असते, त्या बारीक फटींमध्ये आवाज मुरतो. आज घरात दोनच आवाज आहेत, यंत्राचा आणि आईच्या श्वासाचा. छातीतली घरघर कालच्यापेक्षा कमी आहे हे मला दारात उभं राहून कळलं. रस्ता वाहता असतो तेव्हा त्यासाठी तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो.

माझं म्हणणं असं की अशी सकाळ आली की तिला कामांनी भरून टाकू नये. कपाटं आवरायला, राहिलेले फोन करायला बसू नये. आजारी माणसाच्या चालीने एक दिवस चालून बघावं. तुमच्याकडे अशा सकाळी काय होतं, ते वाचायला आवडेल.

*

कवडसा

अगदी मनातलं लिहिलंत.

ह्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की टीव्ही-रेडिओ बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच बोला, आणि वाक्य तुम्ही पुरं करू नका. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. समोरचा माणूस शब्दासाठी धडपडत असतो आणि आपल्याला तो माहीत असतो, निदान आपल्याला तसं वाटतं.

मागच्या हिमवर्षावात आम्ही दोघंच घरी होतो. खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर बर्फ. हे खिडकीकडे तोंड करून “पां... पां...” करत होते. एरवी मी ‘हो, पांढरं झालंय सगळं’ म्हणून कामाला लागले असते. त्या दिवशी काही काम नव्हतंच, म्हणून समोर बसून राहिले. बराच वेळ गेला. कपाळावर घाम आला त्यांच्या. शेवटी आलं, “पांघरूण.” पायावरचं पांघरूण सरकलं होतं आणि पाय गार पडले होते. मी ते ओढून दिलं तेव्हा जे हसले, ते हसू आजारपण सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

पायांचा विषय निघालाच आहे तर सांगते. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. टाच गादीला टेकलेली राहिली की तिथे जखम फार लवकर होते, आणि जाड मोज्यांमुळे ती दिसतही नाही. थंडीत मोजे दिवसातून निदान एकदा काढून टाचा बघाच.

*

मोरपीस

वाचतेय. आजोबा उठले, नंतर लिहिते.

*

रानवारा

ओसरी, तुमचं लेखन मनापासून आवडलं, तरी मला असहमती नोंदवायची आहे. अशी सकाळ आमच्याकडे वर्षातली सगळ्यात भीतिदायक सकाळ असते.

माझ्या बाबांना डिमेन्शिया आहे. पडून नसतात, चालतात-फिरतात, ताकदही आहे. बर्फ पडला की त्यांना वाटतं आपल्याला कामावर जायला उशीर होतोय. पायात चप्पल, अंगात पातळ सदरा, आणि दाराची कडी काढायला लागतात. बाहेर गेले तर ओळखीच्या सगळ्या खुणा बर्फाखाली गेलेल्या असतात. कुंपण कुठे, रस्ता कुठे, मलाच कळत नाही तर त्यांना काय कळणार? थंडी वाजतेय हेही ते सांगत नाहीत. एकदा ओसरीवर सापडले (तुमच्या नावाची माफी), ओठ निळे पडत चालले होते आणि मलाच विचारत होते, तू का कुडकुडतोयस?

कुणी येऊ शकत नाही म्हणजे हाक मारली तरी कुणी येऊ शकत नाही. रुग्णवाहिकासुद्धा. वीज गेली तर काय, हा विचार रात्रभर डोक्यात. सेवेतली शांतता मलाही हवी आहे, पण ती मला बर्फात नाही मिळत. घरात दुसरं धडधाकट माणूस असलं की मिळते. एकट्याने सांभाळणाऱ्याला ‘आज हळू चला’ हे ऐकायला छान वाटतं, जमत नाही.

*

उत्तरा

घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणं हा माझा व्यवसाय आहे. आज मीही घरातच अडकले आहे आणि ज्यांच्याकडे पोचता आलं नाही त्यांची काळजी करतेय. म्हणून हा प्रतिसाद मोठा होणार.

रानवारा यांची भीती खरी आहे. थंडीत काय चुकतं ते आधी माहीत असेल, तरच ओसरी म्हणतात तशी शांतता घरात टिकते.

पहिलं वीज. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा घेतो, त्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजात अडकवतो, आणि साधारण ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन पुढे पाठवतो. आपल्या हवेत तो २१ टक्केच असतो. वीज गेली की हे सगळं थांबतं. म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवा, आणि आपल्या माणसाला लागणाऱ्या वेगाने तो किती तास पुरेल हे देणाऱ्याकडून आधीच विचारून सिलिंडरवर लिहून ठेवायला हवं. अंधारात मेणबत्ती नको, टॉर्च. ऑक्सिजनच्या आसपास ज्योत नको म्हणजे नकोच. थंडीत नळीमुळे नाक कोरडं पडून रक्त येतं, तिथे पेट्रोलियम जेली लावायची सवय असते. तीही नको, पाण्यावर आधारित जेल वापरा.

दुसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. घर तापवण्याची भट्टी इंधनावर चालत असेल तर तिच्या धुराचा नळ भिंतीतून बाहेर निघतो. बर्फाचा ढीग साचून तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. निरोगी माणूस म्हणतो आज बरं वाटत नाही. आजारी माणूस गुंगीत गेला तर घरच्यांना वाटतं, आजार वाढला. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखता येत नाही, आकडा चांगलाच दिसतो. म्हणून बर्फ थांबला की आधी तो नळ मोकळा करा, मग अंगण. घरात त्या वायूचा अलार्म हवा. जनरेटर असेल तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तरी तो जीव घेऊ शकतो.

खोली १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका, जागतिक आरोग्य संघटनाही किमान तेवढं सांगते. वयस्कर आणि आजारी माणसासाठी त्याहून थोडं जास्तच असू द्या. म्हाताऱ्या शरीराला थंडी उशिरा कळते, कुडकुडणंही कमी होतं. हातपाय गार आहेत का ते बघून पुरत नाही, पांघरुणाखाली पोटाला हात लावून बघा. पोट गार, बोलणं जड, हालचाल मंद, गोंधळल्यासारखं वागणं अशी चिन्हं दिसली तर ताप मोजा. ३५ अंशांच्या खाली असेल तर ती तातडीची वेळ आहे, रस्ता बंद असला तरी फोन करा. बर्फ हटवणाऱ्या गाड्या कुठे आधी पाठवायच्या हे त्या फोनमुळेच ठरू शकतं.

ऊब देतानाही जपून. दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी लावलेली असेल तर तिच्यावर किंवा जवळ गरम पाण्याची पिशवी, विजेचं पांघरूण काही नको. उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं आणि श्वास मंदावतो. मधुमेहाने किंवा पक्षाघाताने बधिर झालेल्या पायाशीही पिशवी नको, त्या माणसाला भाजलेलं कळत नाही. अंथरूण पिशवीने आधी गरम करायचं, पिशवी काढायची, मग माणसाला झोपवायचं.

आणि सेवा करणाऱ्यांनो, फावडं हातात घेताना स्वतःचा विचार करा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात ओल्या बर्फाचं वजन. दर हिवाळ्यात लोक बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन कोसळतात. उचलू नका, ढकला. थोडं करा, आत या. तुम्ही पडलात तर आतल्या माणसाकडे कोण बघणार?

*

ओसरी

उत्तराताई, खूप आभार. धुराच्या नळाचं वाचलं आणि लगेच बाहेर जाऊन बघून आले. नळ मोकळा आहे, पण बर्फ त्याच्या वीतभर खाली आलाय. तेवढा ढकलून टाकला.

तुम्ही ऑक्सिमीटरबद्दल लिहिलंत त्यावरून आज सकाळचंच सांगते. आईचं बोट यंत्रात घातलं तर आकडा ८३. ती नेहमीसारखीच बोलत होती, ओठांचा रंग बरा होता, पण बोटं गार होती. डॉक्टरांनी आम्हाला ८८ ते ९२ मध्ये ठेवायला सांगितलंय, आणि त्यांची सक्त ताकीद आहे की आकडा बघून आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवायचा नाही, तिच्या प्रकारच्या आजारात जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. तिचे तळहात किती पातळ झालेत ते त्या वेळी जाणवलं. थोड्या वेळाने बोटं ऊबदार झाल्यावर पुन्हा लावलं, ९०. यंत्रावरची रेघ आधी थरथरत होती, आता एकसारखी होती.

हे सांगायचं कारण रानवारा यांचा मुद्दा. तुमची भीती मी खोडून काढत नाही, तुमच्या जागी मी असते तर मलाही हीच असती. माझी आई कुठे जाऊ शकत नाही, म्हणून मी निवांत बसू शकते. हा फरक मोठा आहे आणि मी तो लिहायला हवा होता. पण ८३ आकडा दिसल्यावर हात धरून बसायला आणि वाट बघायला जी उसंत लागते, ती मला आज बंद रस्त्याने दिली. बाई यायच्या घाईत असते तर दोन ठिकाणी फोन झाले असते आणि ती घाबरली असती. ती घाबरली की श्वास आणखी वर लागतो. आमच्याकडे शांतता हा औषधाचाच भाग आहे, एवढंच म्हणायचंय.

*

षटकोन

इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या मोठ्या बहिणीची केमोथेरपी चालू आहे. तिच्या औषधांत ऑक्झॅलिप्लॅटिन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला तर बोटांत सुया टोचल्यासारखं होतं, गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा वाटतो. फ्रिजमधली बाटली काढायलाही हातमोजे लागतात.

आणि ताईला बर्फाचं वेड. लहानपणापासून. पहिला बर्फ पडला की ती बाहेर असायची. यंदा दार उघडल्यावर येणारी हवासुद्धा सोसत नाही, शिवाय पांढऱ्या पेशी उतरलेल्या म्हणून भेटायला कुणी नाही. खिडकीशी खुर्ची लावून ती बसली होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

मग आम्ही असं केलं. काळ्या लोकरी कापडाचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून बसवला आणि बाहेर गार होऊ दिला. कापड ऊबदार असेल तर कण टेकताच विरघळतात, गार असेल तर टिकतात. वारा पडला तसे मोठे, सुटे कण यायला लागले. मी बाहेर उभा राहून पुठ्ठा काचेला चिकटवून धरला, ती आतून भिंग लावून बघत होती. काचेच्या त्या बाजूने खुणा करायची, हा नको, तो डावीकडचा. सहा फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा फांद्या. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात म्हणून पाच नाहीत, सात नाहीत, सहाच. माझे हात बधिर झाले पण ती ‘अजून एक’ म्हणत राहिली.

आत आल्यावर तिने मला विल्सन बेंटलेची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकरी. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात असे पाच हजारांहून जास्त काढले. मग जपानच्या नाकाया उकिचिरोची. त्याने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला, आणि तापमान आणि दमटपणा बदलला की आकार कसा बदलतो ते मांडलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आजारपण सुरू झाल्यापासून तिला मी इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी शिकत होतो आणि ती शिकवत होती. औषध देणारा आणि घेणारी असं आमचं जे होऊन बसलंय, ते तेवढ्यापुरतं गेलं होतं.

*

कवडसा

षटकोन, वाचताना डोळे भरून आले. ताईंना सांगा, एका अनोळखी बाईने काळं कापड बाहेर गारायला ठेवलंय.

*

मोरपीस

आजोबा जेवून झोपले. मला फक्त रानवारा यांना सांगायचंय की तुमचा प्रतिसाद वाचून मला धीर आला. मीही एकटीच आहे घरात. बर्फ पडला की सगळे छान छान फोटो टाकतात आणि मी रात्रभर दिवे मिणमिणतात का ते बघत जागी असते. असं वाटणारी मी एकटी नाही हे कळलं.

*

रानवारा

मोरपीस, तुम्हाला रात्री जाग असेल तर इथे लिहा. मीही जागाच असतो.

ओसरी, तुमचं उत्तर पटलं. सगळं नाही, पण बरंचसं. आज तुमचा धागा वाचून एक गोष्ट वेगळी करून पाहिली. बाबा दाराशी गेले तेव्हा ‘कामावरून निवृत्त होऊन किती वर्षं झाली’ हे सांगायला गेलो नाही. रोज सांगतो, रोज वाद होतो, रोज त्यांना ती बातमी नव्याने लागते. आज मीही त्यांच्या शेजारी दारात उभा राहिलो आणि विचारलं, बाबा, एवढ्या बर्फात तुम्ही कामावर कसे जायचात? त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोण सोबत असायचं, कुणाचे बूट फाटके होते, साहेब कधी बोलला नाही पण उशिराची नोंदही करायचा नाही. बोलत बोलत खुर्चीवर येऊन बसले. तासाभराने पुन्हा उठले, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तीच गोष्ट. तिसऱ्यांदाही. दाराला वरच्या बाजूला कडी आहे आणि त्यांचे बूट कपाटात आहेत, ते तसंच राहणार. पण आज आवाज चढला नाही घरात.

उत्तराताई, एक विचारतो. संध्याकाळी अंधार पडला की ते खिडकीत कुणीतरी माणूस उभा आहे म्हणतात आणि घाबरतात. बर्फाच्या दिवसांत हे जास्त होतं. असं का असावं, आणि काय करू?

*

उत्तरा

रानवारा, दारातला प्रश्न फार छान विचारलात. तोच पुढेही विचारत राहा.

खिडकीतला माणूस बहुतेक ते स्वतःच असतात. बाहेर काळोख आणि आत दिवा असला की काच आरशासारखी होते, आणि डिमेन्शियात स्वतःचं प्रतिबिंब ओळखू येईनासं होऊ शकतं. बर्फामुळे दिवसा खोली लख्ख असते आणि मग हिवाळ्यात अंधार लवकर, झपकन पडतो, त्यामुळे फरक अधिक जाणवत असेल. उजेड कमी व्हायच्या आधीच पडदे ओढून घ्या आणि खोलीतले दिवे लावा, कोपऱ्यांतलेसुद्धा, सावल्या पडू देऊ नका. सकाळी मात्र पडदे पूर्ण उघडून त्यांना उजेडात बसवा, झोपेचं चक्र सुधारायला त्याने मदत होते. ऊन थेट बर्फावर पडून डोळे दिपत असतील तर खुर्ची थोडी तिरकी ठेवा.

हे नवीनच सुरू झालं असेल, किंवा एका-दोन दिवसांत एकदम वाढलं असेल, तर लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं किंवा नवीन औषध यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांना विचारा. थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणी फार कमी पितात. आज त्यांनी किती प्यायलं ते आठवून बघा.

*

रानवारा

सकाळपासून एकच ग्लास. आत्ता कोमट पाणी देतो. पडदे ओढलेत.